पहिल्या नोकरीतच दमून जाणं, आणि 'नाही' वेळेवर म्हणणं

सांजवेळ (धागाकर्ती)

पंचविशीच्या आतबाहेरची मुलं-मुली "आता नाही झेपत" म्हणत नोकरी सोडतात तेव्हा त्यांना हमखास ऐकावं लागतं, एवढ्यात दमलात? अजून सगळं आयुष्य पडलंय! गेली काही वर्षं मी टीम सांभाळते आहे आणि त्यातले बरेचसे पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीतले असतात. माझा अनुभव असा की दमणारी मुलं कामचुकार नसतात. ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त होता येतं, जो कधीच 'नाही' म्हणत नाही, तोच आधी कोलमडतो. याविषयी मोकळेपणाने बोलता यावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने पुरतं दमून जाण्यावर, लेख लिहिला आणि विषय चर्चेत आला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत होता आणि त्याला हे दिसलं ते तिथल्या स्वयंसेवकांमध्ये, म्हणजे कुणी जबरदस्ती न करता मनापासून राबणाऱ्या माणसांमध्ये. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११वी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. खुणा तीन दिल्या आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं.

यातली दुसरी खूण बाहेरच्या माणसाला लवकर दिसते. ग्राहकाच्या मेलला चार ओळींचं नीट उत्तर लिहिणारा मुलगा एकदम "ओके, बघतो" एवढंच लिहायला लागतो. मीटिंगमध्ये आधी सूचना करायचा, आता विचारलं तरच बोलतो. सहकाऱ्याला शंका विचारायची असली तर तो दुसऱ्याकडे जातो, कारण याच्याकडून तुटक उत्तर येतं हे सगळ्यांना कळलेलं असतं. घरचे म्हणतात चिडचिडा झालाय. तो स्वतः म्हणतो, काम वाढलंय, एवढं संपलं की ठीक होईल. ते संपत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याकडे किती काम आहे हे वरिष्ठांना माहीतच असणार, असं बहुतेक नवी मुलं धरून चालतात. बहुतेक वेळा त्यांना ते माहीत नसतं. एक काम मी दिलेलं असतं, एक दुसऱ्या विभागातून थेट आलेलं असतं, एक कुणीतरी जाता जाता "जरा बघशील का" म्हणून टाकलेलं असतं, आणि ज्याने त्याने आपापलंच धरलेलं असतं. तिन्ही मिळून किती होतात हे फक्त करणाऱ्याला ठाऊक असतं. त्याने सांगितलं नाही तर ते कुणालाच कळत नाही. म्हणून सीमा आखणं म्हणजे भांडण किंवा बंड असं मी मानत नाही. आपल्या वेळेचा हिशोब समोरच्याला वेळेवर देणं, एवढंच ते आहे.

'वेळेवर' हे मुद्दाम लिहिलं. पहिल्या आठवड्यात शांतपणे म्हटलेलं "हे शुक्रवारी नाही होणार, सोमवारी देते" कुणाच्या लक्षातही राहत नाही. तेच तिसऱ्या महिन्यात, झोप उडालेली असताना बाहेर पडतं ते रडून किंवा ओरडून. मग लोकांच्या लक्षात ते ओरडणं राहतं, मूळ मुद्दा बाजूलाच पडतो.

उंबरठा

लेख आवडला, पण ताई, टीम सांभाळणाऱ्याच्या खुर्चीतून हे सोपं दिसतं. मी प्रोबेशनवर आहे. घरी शिक्षणाचं कर्ज आहे. माझ्या वरिष्ठांना "यातलं आधी कुठलं करू" विचारलं तर उत्तर येतं, "दोन्ही आजच हवंय." रात्री पावणेदहाला मेसेज येतो, "जागा आहेस का?" हा प्रश्न नसतो हे मलाही कळतं. मी दोन मिनिटांत उत्तर देतो आणि मग बारापर्यंत बसतो. माझ्यासारख्याने कुठली सीमा आखायची?

पाऊलवाट

उंबरठा, अगदी हेच विचारायला आले होते. +१

सांजवेळ (धागाकर्ती)

उंबरठा, तुमचा आक्षेप रास्त आहे. ज्याची नोकरी टांगणीला आहे त्याला "ठामपणे नाही म्हणा" हा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पण अशा जागीही थोडं काही हातात असतं. रात्रीच्या मेसेजचंच घ्या. तुम्ही दोन मिनिटांत उत्तर देता म्हणून ती वेळ उपलब्ध आहे असं समोरच्याने गृहीत धरलंय. उत्तर बंद करू नका, फक्त उशिरा द्या. आज अर्ध्या तासाने, पुढच्या आठवड्यात झोपायच्या आधी एकदाच, मग सकाळी कामाला बसल्यावर. सोबत दिवसाउजेडी एकदा सांगून ठेवा, "रात्री मेसेज लगेच बघितला जात नाही. खरंच अडलं तर फोन करा, मी उचलेन." मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करताना माणूस क्षणभर विचार करतो. बरीचशी कामं त्या क्षणातच सकाळवर जातात.

"दोन्ही आजच" हे उत्तर आलं तर क्रम तुम्ही ठरवा आणि तो लिहून कळवा. "आधी रिपोर्ट पूर्ण करतो, दुसऱ्याचा जेवढा मसुदा होईल तेवढा संध्याकाळी पाठवतो." उद्या विचारणा झालीच तर लेखी काहीतरी असेल, आणि आजचा दिवस निदान तुमच्या क्रमाने जाईल.

आणि काही ठिकाणी यातलं काहीच चालत नाही, हेही सांगायला हवं. मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामाच्या जागी सहा बाजू तपासायला सांगितल्या आहेत. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. तुमची तक्रार फक्त बोजाची असेल तर वरच्या युक्त्या उपयोगी पडतील. पण कौतुक एकाचं आणि राबणार दुसरा, किंवा ग्राहकाला खोटं सांगायला लावलं जातंय असं असेल, तर फोन कितीही वेळ बंद ठेवा, दमणूक थांबणार नाही. तिथे शांतपणे दुसरी नोकरी शोधणं हाच उपाय, आणि ते शोधण्याइतकी ताकद शिल्लक असतानाच सुरुवात करावी.

जुनं_झाड

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. हाच काळ शिकायचा असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी घड्याळ न बघता काम केलं आणि त्यावर पुढची सगळी नोकरी उभी राहिली. पहिल्याच वर्षी सीमा आखत बसलं तर हातात कला येणार कधी? कष्टाने कुणी मरत नाही.

आकडेमोड

जुनं_झाड काका, शेवटच्या वाक्याबद्दल सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ मधला अभ्यास आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला.

पण तुमच्या मूळ मुद्द्यात तथ्य आहे असं मला वाटतं. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना इथे कामी येते. काम खूप असणं एवढ्यानेच माणूस मोडत नाही. काम खूप आणि ते कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं यावर काहीच ताबा नाही, ही जोडी सगळ्यात वाईट. काम खूप पण ताबाही भरपूर, यातून माणूस शिकतो, वाढतो. तुम्ही घड्याळ न बघता केलंत तेव्हा बहुधा तुम्हाला कुणीतरी शिकवत होतं, चूक झाली तर सांभाळून घेत होतं, आणि घरी गेल्यावर खिशात वाजणारा फोन नव्हता.

जुनं_झाड

बरोबर आहे. आमचे साहेब शेजारी बसून शिकवायचे. आणि कार्यालयाचं दार बंद झालं की काम तिथेच राहायचं, घरी आणायची सोयच नव्हती. हा फरक मी धरला नव्हता. माझं वाक्य मागे घेतो.

रातपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. फोन बंद ठेवणं, उशिरा उत्तर देणं आम्हाला जमत नाही, ड्यूटीवर असताना तर विचारही करता येत नाही. आमची गोची वेगळीच आहे, ती लिहिते.

ग्रुपवर मेसेज येतो, "उद्या सकाळी एक जण कमी आहे, कोण येऊ शकेल?" पहिली काही मिनिटं सगळ्या गप्प. मेसेज वाचल्याच्या खुणा मात्र वाढत जातात. ती शांतता मला सहन व्हायची नाही आणि मी "मी येते" लिहून टाकायचे. हळूहळू इन्चार्ज ग्रुपवर विचारायच्याऐवजी थेट मलाच फोन करू लागल्या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, तसं झालं होतं.

आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी मला एक गोष्ट शिकवली. जागच्या जागी ना हो म्हणायचं, ना नाही. "रोस्टर बघून तासाभरात सांगते" म्हणायचं आणि तासाभराने खरंच सांगायचं. त्या तासात मी दोनच गोष्टी बघते. सलग किती ड्यूट्या झाल्यात आणि दोन ड्यूट्यांमध्ये झोपायला पुरेसा वेळ उरतोय का. उरत असेल तर जाते, आनंदाने जाते. नसेल तर "उद्या नाही जमणार, गुरुवारी लागलं तर सांगा" एवढंच. कारणं देत बसत नाही. मी आधी कारणं द्यायचे तेव्हा समोरून प्रत्येक कारणावर तोडगा यायचा. आणि आमच्या कामात दमलेल्या हाताने औषधाची मात्रा चुकली तर भोगतो रुग्ण, त्यामुळे मला यात स्वार्थ वाटत नाही.

पाऊलवाट

रातपाळी, "कारणं देत बसत नाही" हे लिहून ठेवलं.

माझा प्रश्न कामाचा नाहीये, तरी इथेच विचारते. माझ्या मैत्रिणींमध्ये मी हक्काचं माणूस आहे. कुणाचं काही बिनसलं की फोन मला. एका मैत्रिणीचा तर रोज रात्री येतो, तासतास. तिला खरंच त्रास आहे, ती नाटक करत नाही. पण हल्ली तिचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. तिला तोडायचं नाहीये मला.

सांजवेळ (धागाकर्ती)

पाऊलवाट, जिच्या नावाने पोटात गोळा येतो ती मैत्रीण काही महिन्यांनी तशीही दुरावते, आपण नकळत फोन टाळू लागतो. त्यामुळे आत्ता बोलणं हे मैत्री टिकवण्यासाठीच आहे, लाज वाटू देऊ नका.

एक फरक ध्यानात ठेवा. "तू मला रोज फोन करू नकोस" ही तिच्या वागण्यावरची अट झाली. ती मोडली तर तुम्ही काय करणार? "मी साडेनऊनंतर फोन घेत नाही, शनिवारी सकाळी निवांत बोलू" हे तुमच्या वागण्याबद्दल आहे, आणि ते पाळणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे. पण मग शनिवारी खरोखर बोला, अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून नको. आणि रोज तासभर रडण्याइतका त्रास असेल तर तो एका मैत्रिणीने पेलण्यासारखा नाही. समुपदेशकाकडे जाण्याचं सुचवा, पहिल्या वेळी सोबत जा.

पांढरा_कोट

डॉक्टर म्हणून थोडं लिहितो, कारण सगळा थकवा बर्नआउटच्या खात्यात टाकला की कधीकधी खरं कारण राहून जातं. रक्तक्षय, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेचे विकार, यांतही असाच थकवा येतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या तपासण्यांत कळतात. प्रौढ माणसाला रोज ७ तास तरी झोप हवी, आधी ती मिळते का पाहा.

दुसरं, नैराश्य. सुट्टीवर गेल्यावर, कामापासून लांब असताना मन पुन्हा जरा उमलतं का, हा ढोबळ फरक मी रुग्णांना विचारतो. आवडीच्या कुठल्याच गोष्टीत गोडी वाटत नाही, उदासी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली आहे, भूक-झोप बिघडली आहे, तर डॉक्टरांना भेटा. बर्नआउट आणि नैराश्य एकत्रही असू शकतात, त्यामुळे स्वतःच निदान करून मोकळे होऊ नका. आणि जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावं असे विचार येत असतील तर आजच घरातल्या किंवा जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.

रिकामा_कागद

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझे वरिष्ठ चांगले आहेत, रात्री कुणी त्रास देत नाही. तरी शनिवार-रविवार झोपून काढतो आणि सोमवारी शुक्रवारपेक्षा जास्त दमलेला असतो. काम डोक्यातून जातच नाही. आंघोळ करतानासुद्धा राहिलेला मेल आठवतो.

आकडेमोड

साबिने झोन्नेन्टाग या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर यावर बरंच काम केलं आहे. कामानंतर माणूस ताजातवाना होतो तो चार प्रकारे, असं त्यांच्या मांडणीत आहे. मनाने कामापासून सुटणं, आराम, नवीन काहीतरी शिकण्याचा किंवा जमवण्याचा आनंद, आणि मोकळ्या वेळेत काय करायचं ते आपण ठरवणं. तुम्ही यातला फक्त आराम घेताय. पडून राहिलं की डोक्याला काहीच काम उरत नाही आणि ते पुन्हा मेलकडे जातं. हातांना गुंतवणारं काहीतरी करून बघा. वाद्य, पोहणं, सुतारकाम, बागकाम, जे आवडेल ते. ते चांगलं जमलं पाहिजे असं नाही.

राहिलेलं काम आठवत राहतं त्यावरही एक उपाय आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत दिसलं की अपुरं काम पूर्ण केलं नाही, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याची टोचणी कमी होते. नेमकं हे महत्त्वाचं. "उद्या रिपोर्ट" असं लिहून डोकं शांत होत नाही. "उद्या आल्या आल्या तिसऱ्या तक्त्यातली बेरीज जुळवणे, मग दोन परिच्छेद" असं लिहा. कामावरून उठायच्या आधीची शेवटची दहा मिनिटं यासाठीच ठेवा.

रिकामा_कागद

धन्यवाद. बासरी धूळ खात पडली आहे, ती काढतो.

आडवाट

कायद्याबद्दल थोडं, कारण हा प्रश्न माणसामाणसाने एकेकट्याने सोडवायचा नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून किमान ५० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत फोन-मेलपासून सुटका मिळण्याबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आहे, नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. जिथे असा कायदा नाही तिथेही टीम म्हणून नियम करता येतो. एकट्याने मागितलं तर नखरा वाटतो, पाच जणांनी मिळून मागितलं तर पद्धत होते.

उंबरठा

सगळं वाचलं. सांजवेळ ताई, आज तुमच्या म्हणण्याप्रमाणे मसुदा लिहिला. पाठवू का?

"सर, सॉरी, मला माहीत आहे तुम्ही खूप बिझी आहात, पण सध्या माझ्याकडे थोडं जास्त काम आहे, म्हणून शक्य असेल तर काही काम दुसऱ्या कुणाला देता येईल का ते बघाल का? नाही जमलं तरी चालेल, मी मॅनेज करीन."

रातपाळी

"सॉरी" काढा. चूक काय झाली आहे तुमची?

पाऊलवाट

शेवटच्या वाक्याने आधीच्या सगळ्यावर बोळा फिरतोय. तेही काढा.

सांजवेळ (धागाकर्ती)

दोघींशी सहमत. शिवाय "थोडं जास्त" म्हणजे किती ते कळत नाही. हा मेसेज मला आला तर मी "बघू" म्हणेन आणि विसरून जाईन, कारण त्यात मी ठरवावं असं काहीच नाही. कामांची नावं लिहा, वार लिहा, कशाला किती वेळ लागेल ते लिहा, आणि शेवटी एक सरळ प्रश्न विचारा. साधारण असं:

"सर, या आठवड्यात माझ्याकडे तीन कामं आहेत. नवीन ग्राहकांची माहिती भरणं (गुरुवारपर्यंत), महिन्याचा रिपोर्ट (शुक्रवारपर्यंत) आणि काल आलेलं प्रेझेंटेशन. पहिली दोन वेळेत होतील. प्रेझेंटेशनला साधारण दीड दिवस लागेल, तो मला पुढच्या सोमवार-मंगळवारी मिळतो. ते याच आठवड्यात हवं असेल तर रिपोर्ट मंगळवारवर जाईल. आधी कुठलं करू, आज दुपारपर्यंत सांगाल का?"

यात तक्रारीचा शब्द नाही आणि विनवणीही नाही. कामाची खरी नावं आणि खरे वार मात्र तुमचे टाका, वेळ कमी करून लिहू नका. नवी मुलं दीड दिवसाचं काम भीतीने अर्ध्या दिवसाचं लिहितात आणि उरलेला दिवस स्वतःच्या झोपेतून भरतात.

उंबरठा

हो, मी प्रेझेंटेशनला अर्धा दिवसच लिहिणार होतो. आता बदललं. लगेच पाठवतो.

सांजवेळ (धागाकर्ती)

आत्ता नको, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आत्ता पाठवलात तर या वेळी तुम्ही कामावर असता असाच अर्थ निघेल. मसुदा जपून ठेवा आणि सकाळी जागेवर बसल्यावर पहिल्यांदा तोच पाठवा. काय उत्तर आलं ते इथे कळवा, त्यावरून पुढचं बोलू.